मोशीतला शेवटचा महिना

जळगाव-धुळ्याकडची पोरं-पोरी स्वयंसेवक म्हणून इंटर्नशिपला मोशीत उतरली (पुण्याजवळची मोशी नव्हे, टांझानियातली, किलिमांजारोच्या पायथ्याची) की पहिल्या आठवड्यात माझ्या पाइप-फिटिंगच्या दुकानात डोकावतातच. गावाकडच्या कोणीतरी नंबर दिलेला असतो. मी चोपड्याचा, इथे स्थायिक होऊन बरीच वर्षं झाली, त्यामुळे सगळ्यांचा काका. प्रश्न ठरलेले असतात: सिम कुठलं घ्यायचं, पाणी उकळायचं का, डाळ मिळते का. पाणी उकळायचंच. डाळ कुठल्याही गुजराती दुकानात मिळते, आणि तुरीची काळजी तर करूच नका. इथली तूर जहाजं भरून भारतात जाते, तुमच्या घरच्या वरणातही एखाद्या वेळी इथलीच असेल. हे एका चहात आटोपतं. मला खरं सांगायचं असतं ते शेवटच्या महिन्याबद्दल, आणि नुकतं आलेलं पोर ते ऐकायच्या मनःस्थितीत नसतं. म्हणून लिहून ठेवतो. आत्ता चाळून ठेवा.

बहुतेकांचं होतं असं: परतीचं तिकीट महिन्यावर आलं की अंगात येतं. शाळेची भिंत रंगवायची, वाचनालय सुरू करायचं, संस्थेसाठी वेबसाइट करून द्यायची, शिवाय सफारी, झांझिबार बेट आणि जमलं तर डोंगर. शेवटच्या आठवड्यात भिंत अर्धी रंगलेली, पोरगं तापाने पडलेलं आणि सामान तसंच खोलीभर. शेवटच्या महिन्यात नवीन काही सुरू करू नका, हे माझं स्पष्ट मत. जे चालू आहे ते कोणाच्या तरी हाती द्या, आणि तेही लवकर. काम सोपवून झालं की उरलेले दिवस खरोखर तुमचे होतात. मजा येते ती तेव्हाच.

सोपवणं म्हणजे काय, ते एरंडोलच्या एका मुलीने छान करून दाखवलं होतं. तिने एका शाळेच्या भाजीच्या वाफ्यांना टाकीवरून ठिबक बसवली होती. शेवटी शेवटी तिने एक फूटही नवी नळी टाकली नाही. शाळेच्या शिपायाला रोज सकाळी फिल्टर उघडायला लावायची, जाळी जुन्या टूथब्रशने घासायला लावायची, मग एकेका लॅटरलच्या, म्हणजे वाफ्यातल्या बारीक नळीच्या, टोकाचं बूच काढून गढूळ पाणी जाऊन स्वच्छ येईपर्यंत सोडायला लावायची. स्वतः हात मागे बांधून उभी. तो चुकला की ती गप्प राहायची. पाणी कुठे अडलंय हे त्यालाच शोधू द्यायची. जाळी फाटली तर काय करायचं, ड्रिपर कुठल्या दुकानात मिळतात, हे सगळं त्याच्याच हाताने स्वाहिलीत वहीत लिहून घेतलं. तुमचं काम दवाखान्यातल्या नोंदींचं असो की संगणकाच्या वर्गाचं, रीत हीच. किल्ल्या, पासवर्ड, फोन नंबर तुमच्या मोबाइलमध्ये राहिले तर तुम्ही गेल्यावर ते काम बंद पडलंच म्हणून समजा.

आता फिरण्याचं. सफारीसाठी खिसा तपासा. सेरेंगेटी-न्गोरोंगोरोला गाडी चार-सहा जणांत वाटून घेतली तरी जीव कासावीस होईल असा खर्च आहे. उद्यानांचं शुल्क डॉलरमध्ये असतं. खिसा हलका असेल तर अरुशा नॅशनल पार्क एका दिवसात होतं. जिराफ, रानम्हशी आणि मोमेला तळ्यांवरचे फ्लेमिंगो. किलिमांजारोचं शिखर ५,८९५ मीटरवर आहे आणि चढून उतरायला किमान पाच-सहा दिवस लागतात; वर विरळ हवेचा त्रास कोणालाही होऊ शकतो, त्यात तालमीचा पैलवानही सुटत नाही. मारंगू गेटपासून मंदारा हटपर्यंत, साधारण २,७०० मीटरपर्यंत, वाटाड्या घेऊन दिवसभरात जाऊन येता येतं. दाट ओलं जंगल आहे, माकडं दिसतात. झांझिबारला जाणार असाल तर १ ऑक्टोबर २०२४ पासून परदेशी प्रवाशांना तिथला स्वतंत्र विमा सक्तीचा झालाय, तो आधीच काढा.

पण मला विचाराल तर दोन-तीन दिवस डोंगरउतारावरच्या चाग्गा लोकांच्या वाड्यांमध्ये घालवा. मातेरुनीकडे धबधबा बघायला सगळेच जातात, फोटो काढतात आणि परत येतात. तुम्ही केळीच्या मुलखातले, तुम्ही थांबा. आपल्याकडे केळी म्हणजे ओळीत लावलेली टिश्यूची रोपं, दोन्ही बाजूंनी ठिबक, घड एकाच वेळी काढणीला आणि बाजूला ट्रक उभा. इथे घराभोवतीच्या वाडीत वर उंच झाडं, त्यांच्या सावलीत केळी, केळीच्या सावलीत कॉफी आणि खाली रताळी, घेवडा. गाय गोठ्यातच बांधलेली. केळीचं खोड चिरून तिला घालायचं, शेण पुन्हा बुंध्याशी. पाणी डोंगरातून आखलेल्या जुन्या पाटांनी येतं आणि त्याच्या पाळ्या गावच ठरवतं. रावेर-यावलचा बागायतदार हे बघून आधी हसतो, मग वाकून माती हातात घेतो. हिरव्या केळ्यांचं ‘म्तोरी’ नावाचं दाट सूप मिळतं. त्यात मांस असतं, तेव्हा माळकरी असाल तर आधी सांगा, मांसाशिवायही करून देतात. केळी आणि नाचणीची ‘म्बेगे’ नावाची दारूही असते. ती पुढे आली तर प्यायची की नाही हे तुमच्या घरच्यांनी ठरवलेलं असेलच.

याच भागातली कॉफी घरी न्यायला उत्तम. किलिमांजारोच्या कॉफी उत्पादकांचा सहकारी संघ, केएनसीयू, १९३३ सालचा. साखर कारखाना आणि सूतगिरणीच्या गप्पा ऐकत वाढलेल्या माणसाला इथल्या शेतकऱ्याशी बोलायला विषय शोधावा लागत नाही. भाव, थकलेलं पेमेंट आणि संचालक मंडळ!

निरोपाबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण गडबड इथेच होते. ‘पुढच्या वर्षी नक्की येईन’ असं लहान मुलांना सांगू नका. ती लक्षात ठेवतात, आणि पुढच्या वर्षी येणाऱ्या पोराला विचारत बसतात. पैसे पाठवण्याचं, कोणाची फी भरण्याचं वचन तर मुळीच देऊ नका. द्यायची इच्छा असेल तर घरी जाऊन दोन महिने थांबा, मग संस्थेशी बोला. कपडे, बूट, लॅपटॉप वाटायचे असतील तर ते प्रमुखांच्या हाती द्या. एकट्या लाडक्या मुलाला गुपचूप दिलेल्या बुटांवरून वसतिगृहात भांडणं होतात. मुलांचे फोटो स्टेटसला टाकण्याआधी शाळेला विचारा. पेशंटचे तर काढूच नका.

वडीलधाऱ्यांना भेटल्याबरोबर आधी ‘शिकामो’ म्हणा, मग निरोप घ्या. आपल्याकडे वाकून नमस्कार करतात तेवढं वजन त्याला आहे. आणि निरोप समारंभाची वेळ पक्की विचारून घ्या. इथे तास सकाळी सहापासून मोजतात, त्यामुळे ‘सा नाने’, म्हणजे आठ वाजता, बोलावलं तर दुपारी दोनला जायचं. शिरपूरचा एक पठ्ठ्या रात्री आठला नवा शर्ट घालून पोचला होता. भांडी घासून झाली होती, पण बायकांनी त्याला उरलेला पुलाव गरम करून वाढला.

कागदपत्रं मात्र निरोपाच्या आधी. राहण्याच्या परवान्याची मुदत आणि तिकिटाची तारीख शेजारी ठेवून बघा; स्वयंसेवकांचा सी वर्गातला परवाना संपल्यावर ‘दोन दिवसांनी काय होतं’ असा हिशेब करू नका. प्रमाणपत्रावर कामाचं स्वरूप, तास, सही आणि शिक्का हवा. सही करणारा माणूस नेमका शेवटच्या आठवड्यात गावाला जातो, हे मी इतक्यांदा पाहिलंय की आता पोरांना महिनाभर आधीच पाठवतो. एम-पेसातले, म्हणजे मोबाइलवरच्या खात्यातले, पैसे काढून घ्या. नैरोबी किंवा अदिस अबाबावरून परतणार असाल तर पिवळ्या तापाच्या लशीचं कार्ड हातातल्या पिशवीत ठेवा, मुंबईला विचारतात. प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर इथे १ जून २०१९ पासून बंदी आहे, बांधाबांध कापडात करा. शंख-शिंपले, पोवळं, हस्तिदंताचं काहीही घेऊ नका, बाजारात कोणी कितीही गळ घातली तरी.

आणि शेतकऱ्याच्या घरातल्यांना खास सांगणं. इथली लाल साल असलेली केळी बघून कंद बॅगेत टाकायचा मोह होतो. नको. २००३ च्या प्लांट क्वारंटाइन आदेशाप्रमाणे परवान्याशिवाय रोप, कंद, बियाणं भारतात नेता येत नाही, आणि त्यामागे कारण आहे. केळीचा पनामा मर रोग, त्यातला टीआर-४ हा प्रकार, आफ्रिकेत २०१३ मध्ये मोझांबिकात सापडला. बिहार-उत्तर प्रदेशातही तो पोचलेला आहे. औषधाने तो बरा होत नाही, मातीत वर्षानुवर्षं राहतो आणि कंदाबरोबर, पाण्याबरोबर, बुटाच्या तळव्याला चिकटलेल्या चिखलाबरोबरही जातो. तेव्हा वाडीत घातलेले बूट ब्रशने घासा, साबणाने धुवा, तळव्याच्या खाचा काडीने कोरून काढा आणि उन्हात वाळवून मगच बॅगेत भरा. जुने असतील तर इथेच सोडून जा. तुमच्या वडिलांच्या बागेपुरतंच हे नाही, सगळा तापीकाठ केळीवर उभा आहे.

मे महिन्यात परतणारे थोडे सावध राहा. इथे तेव्हा पावसाळा संपत आलेला, सकाळी स्वेटर लागतो. भुसावळ स्टेशनवर उतराल तेव्हा पारा पंचेचाळीसच्या आसपास. गल्लीत पहिला प्रश्न येणार, ‘काय भो, किती कमाई लई उना?’ उत्तर आत्तापासून तयार ठेवा.

जाण्याआधीच्या रविवारी माझ्याकडे भरीत असतं. जळगावचं हिरवं वांगं इथे मिळत नाही, जांभळ्यावर भागवतो. कपाशीच्या काड्याही नाहीत, कोळशाच्या शेगडीवर भाजतो. ज्वारीचं पीठ बाजारात असतं, उडीद मी आणून ठेवतो, म्हणजे कळण्याच्या भाकरी होतात. शेंगदाणे आणि कांद्याची पात येताना तुम्ही आणा. लसूण जरा जास्तच आणा.