सातारा-सांगलीहून प्राचीन समुद्री भित्तींच्या शोधात

माणगंगेच्या किंवा येरळेच्या पात्रात पांढरट, नळ्यानळ्यांचा दगड दिसला की पोवळ्याचा जीवाश्मच सापडला असं वाटतं. तो असतो चुनकंकर, बहुधा मुळांभोवती चुना साचून तयार झालेला. सातारा-सांगलीत जवळजवळ सगळीकडे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा काळा खडक आहे; समुद्रात भित्ती, म्हणजे तळावर खडकाचे उंचवटे, उभारणारे जीव त्यात मिळणार नाहीत. म्हणून दगड पारखण्याचा सराव इथे करावा आणि खऱ्या भित्तींचे तुकडे गोळा करायला मिरजेहून अथणी, जमखंडीमार्गे बागलकोट जिल्ह्यात जावं.

सरावाला दहापट भिंग, चाकू आणि १० टक्के हायड्रोक्लोरिक आम्लाची ड्रॉपरची बाटली पुरे. आम्ल पातळ करताना गॉगल घालून आम्लच पाण्यात ओतायचं, पाणी आम्लात कधीच नाही. वलयांच्या अकीकावर चाकूचा ओरखडा उठत नाही, फेसही येत नाही. पंख्यासारख्या स्टिल्बाइट खनिजावर ओरखडा उठतो, पण फेस येत नाही. खडकाच्या पोकळीतला कॅल्साइट, म्हणजे स्फटिकरूप चुना, मात्र जोरात फेसाळतो आणि कंकरही. नवखे फसतात ते इथेच: फेस फक्त चुना दाखवतो, जीव दाखवत नाही. जीव ओळखायचा तो रचनेवरून.

बागलकोट जिल्ह्यातल्या कलादगी-लोकापूर भागात डोलोमाइटात, म्हणजे मॅग्नेशियम असलेल्या चुनखडीसारख्या खडकात, स्ट्रोमॅटोलाइट आहेत, १०० कोटी वर्षांहून जुने. प्राणी जन्मायच्या कितीतरी आधी सूक्ष्मजीवांच्या चिकट थरांनी गाळ धरून या भित्ती रचल्या. उभ्या छेदात वर फुगीर असे एकावर एक पातळ थर दिसतात, आडव्या छेदात वलयं. डोलोमाइटावर आम्ल सुस्त असतं, म्हणून आधी चाकूने खरवडून भुकटीवर थेंब टाका. काही ठिकाणी गारेने मूळ खडकाची जागा घेतलेली असते. तिथे फेस येणारच नाही, थरच बघावे लागतात.

शेत असो वा खाण, मालकाची परवानगी आधी घ्या. उभ्या खडकाला हातोडी लावू नका: घुमट थरांवरच फुटतो आणि हातात चिपा येतात. सुटा, मुठीएवढा तुकडा घ्या. जागेवरून हलला नसेल तर उचलण्यापूर्वी मार्करने वरच्या दिशेचा बाण काढा. ही दिशा नंतर कळणं कठीण. शेजारी पट्टी ठेवून फोटो, वहीत क्रमांक, गाव आणि जीपीएस नोंद. प्रत्येक तुकडा वेगळ्या वर्तमानपत्रात गुंडाळा.

घरी साधं पाणी आणि मऊ ब्रश. आम्लात बुडवलात तर बारीक थर झिजतात. थर नीट दिसायला हवे असतील तर फरशी कापणाऱ्याकडून थरांना काटकोनात काप घ्या आणि १२०, २२०, ४००, ६००, १००० अशा क्रमाने ओल्या पॉलिश पेपरवर घासा. दर टप्प्याला तुकडा आणि हात धुवा, नाहीतर जाड कण पुढच्या पेपरवर येऊन ओरखडे पाडतात.

मालवणच्या किनाऱ्यावरचं पोवळं मात्र, मेलेलं असलं तरी, उचलू नका. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली त्याला संरक्षण आहे.