सुट्टी घेऊनही शीण जात नाही? कामाचा ताण हाताळताना या चुका टाळा

कामाचा ताण असह्य झाला की बहुतेक जण पहिला उपाय म्हणून रजा टाकतात. चार दिवस कोकणात किंवा महाबळेश्वरला जाऊन आले की झोप सुधारते, भूक लागते, घरच्यांशी निवांत बोलणे होते; आणि सोमवारी सकाळी ऑफिसचा मेल उघडताच पोटात पुन्हा गोळा येतो. थकलेल्या शरीराला ती विश्रांती हवीच होती, पण ज्या कारणाने ताण आला होता ते कारण त्या चार दिवसांत जागचे हललेले नसते. ताण हाताळण्यातील बऱ्याचशा चुका इथेच होतात. आपण परिणामांवर उपाय करत राहतो आणि कामाच्या ज्या भागातून ताण उत्पन्न होतो, त्याला हात लावत नाही.

‘काम फार आहे’ एवढ्यावरच थांबणे

ही माझ्या मते सर्वांत महागात पडणारी चूक आहे. अमेरिकी संशोधक रॉबर्ट कारासेक यांनी १९७९ मध्ये असे मांडले, की कामाचे ओझे जास्त आणि त्या कामाबाबत स्वतः निर्णय घेण्याची मुभा कमी, अशा ठिकाणी ताण सर्वाधिक असतो. बँकेच्या शाखेत मार्चअखेर आठवून पाहा. काउंटरवरील कर्मचाऱ्याला जागा सोडता येत नाही, सर्व्हर बंद पडला तर ग्राहकाचा राग त्यालाच ऐकावा लागतो आणि शिवाय विमा पॉलिसी विकण्याचे टार्गेट डोक्यावर असते. त्याच शाखेत ऑडिटची कागदपत्रे लावणाऱ्या सहकाऱ्याला निदान आपल्या कामाचा क्रम तरी ठरवता येतो. दोघांचे तास सारखे असले, तरी घरी नेलेला थकवा सारखा नसतो.

म्हणून एक आठवडाभर छोटी नोंद ठेवावी: मन आवळल्यासारखे केव्हा झाले, त्या वेळी कोणते काम चालू होते, समोर कोण होते आणि आपल्या हातात काय नव्हते. आठवड्याच्या शेवटी त्या नोंदी वाचल्या, की कारण बरेच स्पष्ट होते. काम खरोखरच एका माणसाच्या आवाक्याबाहेरचे असेल, तर कामांचा अग्रक्रम वरिष्ठांकडून ठरवून घ्यावा लागतो. दोन वरिष्ठ परस्परविरोधी सूचना देत असतील, तर दोघांनाही एकाच मेलमध्ये घेऊन खुलासा मागणे हाच मार्ग आहे. जबाबदारी आपली आणि सही दुसऱ्याची असेल, तर कोणत्या मर्यादेपर्यंतचे निर्णय आपण घ्यायचे हे ठरवून घ्यावे. मात्र चारचौघांत होणारा अपमान हे कारण असेल, तर वेळेच्या नियोजनाचे कोणतेही तंत्र उपयोगी पडणार नाही. तिथे तारीखवार लेखी नोंद आणि एचआरकडे तक्रार हवी. लैंगिक छळ असेल, तर २०१३ च्या कायद्यानुसार दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती असणे बंधनकारक आहे आणि तक्रार तिच्याकडे करता येते.

वरिष्ठांशी अगदी शेवटी बोलणे

आपल्याकडे ‘हो सर, करतो’ म्हणणारा माणूस कामसू समजला जातो. त्यामुळे अनेक जण महिनोन्महिने गप्प राहतात आणि मग एके दिवशी भर बैठकीत आवाज चढतो, किंवा थेट राजीनामा दिला जातो. बोलण्याची वेळ त्याच्या बरीच आधी असते. ‘मला झेपत नाही’ हे वाक्य ऐकणाऱ्याला आपल्या क्षमतेविषयीचे वाटते. त्याऐवजी हातातील कामांची यादी पुढे ठेवून असे विचारावे: ‘सर, ही पाच कामे माझ्याकडे आहेत. शुक्रवारपर्यंत यांतली तीन नीट होतील. कोणती आधी करू?’ जे ठरेल ते दोन ओळींच्या मेलने लगेच कळवावे. काही वरिष्ठ ‘सगळीच आधी करा’ असे उत्तर देतात, हे खरे आहे. तरीही तो मेल नोंदीला राहतो. असे उत्तर वारंवार मिळू लागले, तर त्या विभागात किती काळ राहायचे याचा विचार शांतपणे सुरू करणे योग्य ठरते.

मागे पडलेले काम तास वाढवून भरून काढणे

एखादा आठवडा असे चालते. कायमची सवय मात्र जिवावर बेतू शकते. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार, आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ किंवा अधिक तास काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यू येण्याचा धोका सुमारे १७ टक्क्यांनी जास्त असतो. विरार किंवा बदलापूरहून रोज लोकलने येणाऱ्याने प्रवासाचा वेळही या हिशेबाशेजारी मांडून पाहावा.

घरातल्या कामाला शेवटच नसणे

घरून काम करताना लॅपटॉप मिटला, तरी काम डोक्यात चालूच राहते. अपुरी राहिलेली कामे मनात घोळत राहतात, हे मानसशास्त्रज्ञ ब्लूमा झायगार्निक यांनी १९२७ मध्येच दाखवले होते. पुढील संशोधनातून असेही दिसले, की पुढची पायरी नेमकी ठरवली तर काम पूर्ण न होताही ते घोळणे कमी होते. म्हणून दिवसाची शेवटची दहा मिनिटे उद्याची पायरी लिहिण्यासाठी ठेवावीत. ‘बिलाचे काम बघणे’ असे मोघम लिहून उपयोग नाही. ‘दहा वाजता लेखा विभागाला फोन करून बिलाची प्रत मागवणे’ असे लिहावे. परदेशी ग्राहकांसोबत रात्री कॉल असणाऱ्यांनी तेवढाच वेळ दुपारी मोकळा ठेवावा आणि तो टीमच्या कॅलेंडरमध्ये उघडपणे नोंदवावा, म्हणजे त्या वेळेत कोणी बैठक लावणार नाही.

नोकरी करणाऱ्या स्त्रीचा प्रश्न याहून मोठा आहे. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत स्वतःच्या घरचे बिनपगारी काम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देत होत्या आणि पुरुष ९७ मिनिटे. अशा बाईला ‘पहाटे उठून ध्यान कर’ असे सांगणे म्हणजे तिच्या यादीत आणखी एक काम वाढवणे आहे, असे मला मनापासून वाटते. घरातल्यांनी ‘मदत’ करण्यापेक्षा पूर्ण कामे वाटून घ्यावीत. मुलांचे डबे ज्याच्याकडे, त्यानेच भाजी आणण्यापासून डबा घासण्यापर्यंत सगळे पाहावे, म्हणजे आठवण करून देण्याचा भारही तिच्यावर उरणार नाही.

चहा आणि मद्य यांच्यावर भिस्त ठेवणे

कॅफिनचे शरीरातील प्रमाण निम्मे व्हायला साधारण पाच तास लागतात, तेव्हा संध्याकाळचा कडक चहा रात्रीच्या झोपेच्या आड येतो. मद्याने डोळा लवकर लागला, तरी उत्तररात्रीची झोप तुटक होते.

शरीराच्या तक्रारीला ‘टेन्शन’ म्हणून सोडून देणे

छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, घाम, धाप यांपैकी काही जाणवले, तर ‘अ‍ॅसिडिटी असेल’ म्हणून गोळी घेऊन थांबू नये. लगेच रुग्णालय गाठून ईसीजी काढावा. तो ताण होता की हृदयविकार, हे डॉक्टरांना ठरवू द्यावे.

मनाच्या बाबतीतही हीच काळजी घ्यावी. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये ‘बर्नआउट’ला, म्हणजे कामाच्या सततच्या ताणाने येणाऱ्या थकव्याला, कामाशी निगडित स्थिती म्हटले, आजार मानले नाही. नैराश्य मात्र आजार आहे, आणि ते कामापुरते मर्यादित राहत नाही. आवडती माणसे, जेवण, छंद यांतूनही रस जातो. दोन आठवड्यांहून अधिक काळ असे राहिले, तर डॉक्टरांना भेटावे. जगणे नकोसे वाटू लागले, तर एक दिवसही थांबू नये. केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास विनामूल्य चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येते. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार विमा कंपन्यांनी मानसिक आजारांनाही शारीरिक आजारांप्रमाणेच संरक्षण देणे आवश्यक आहे. तरीही ऑफिसच्या विम्याची प्रत मागवून त्यात बाह्यरुग्ण खर्च मिळतो का हे आधी पाहून घ्यावे, कारण रुग्णालयात दाखल न होता घेतलेल्या समुपदेशनाची फी बहुधा त्याच खर्चात मोडते.