डिफरन्शियलला ड्रेन प्लग बसवताय? या चुका टाळा

बऱ्याच जुन्या ऑफ-रोड गाड्यांच्या मागच्या डिफरन्शियलला (दोन्ही चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गियरपेटीला) तेल भरायची सोय असते, सोडायची, म्हणजे ड्रेन प्लगची, नसते. डाना 44 सारख्या एक्सलचं मागचं कव्हर निदान दहा बोल्ट काढून उघडता तरी येतं. पहिल्या पिढीच्या फोर्ड ब्रॉन्कोला (1966 ते 1977) मागे जो 9 इंची एक्सल आहे, त्याला तर मागून कव्हरच नाही. क्राऊन-पिनियन या गियरजोडीचा अख्खा गाळा (घरासकट संच) पुढून बाहेर काढावा लागतो. त्यामुळे तेल वर्षानुवर्षं तसंच राहतं, नाहीतर फिलरच्या भोकातून पंपाने ओढतात आणि तळाचा गाळ जागेवरच राहतो. नदी-नाल्यातून गाडी घालणाऱ्याला ड्रेन प्लग खरोखर उपयोगी पडतो. गाडी बहुतेक रस्त्यावरच चालत असेल आणि एक्सल कव्हरवाला असेल, तर मात्र कव्हर उघडून गियर डोळ्यांनी बघणंच बरं.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे पत्र्यातच थेट टॅप मारणं, म्हणजे आटे पाडणं. अर्धा इंची एनपीटीला (पाइपच्या निमुळत्या आट्यांचं अमेरिकन माप) इंचाला 14 आटे असतात, म्हणजे एका आट्याला साधारण 1.8 मिमी. कव्हरचा पत्रा 3-4 मिमीचा असेल तर त्यात जेमतेम दोन आटे बसतात. असा प्लग पहिल्यांदा धरतो, दुसऱ्या-तिसऱ्या वेळी आटे घेऊन बाहेर येतो. पत्र्याला आटे पाडलेला स्टीलचा बुश (जाड कडं) वेल्ड करणं हाच मार्ग. बुश साध्या माइल्ड स्टीलचा घ्या. झिंकचा मुलामा असलेला घेतला तर वेल्डिंगच्या वेळी विषारी धूर निघतो आणि वेल्डमध्ये बुडबुडे राहतात. डाना 44 चा मधला गोळा बिडाचा आहे, त्याला साधी वेल्डिंग करू नका, तडा जातो. तिथे बुश कव्हरलाच लावायचा.

जागा कुठली?

भोक अगदी तळाला मारावं असं कुणालाही वाटतं. पण दगडावर सगळ्यात आधी तळच आदळतो आणि बाहेर आलेलं षटकोनी डोकं एका फटक्यात सोलून निघतं. तळापासून थोडं मागे, उतारावर जागा धरा आणि डोकं आत बसणारा, अॅलन कीने उघडणारा प्लग वापरा. थोडं तेल मागे राहील. मागची बाजू थोडी खाली करून गाडी उभी केली की त्यातलंही बरंचसं निघतं. मार्किंग मात्र गाडी चाकांवर सपाट जागी उभी असतानाच करा. एक्सल खाली काढून ठेवला की पिनियनचा कोन बदलतो आणि गाडीतला सगळ्यात खालचा बिंदू भलताच निघतो.

बाहेरच्याइतकंच आतही बघावं लागतं. क्राऊन व्हील कव्हरच्या अगदी जवळून फिरतं. लांब प्लग किंवा त्याचा चुंबक दातांना लागला तर काय होईल ते सांगायला नको. यासाठी कव्हरच्या आतल्या बाजूला, बुश येणार त्या जागी मुलांच्या खेळातल्या मातीचा गोळा चिकटवा, कव्हर गॅस्केटसकट दोन-चार बोल्टवर बसवा आणि गियर हाताने एक पूर्ण फेरा फिरवा. कव्हर काढून दबलेल्या मातीची जाडी मोजा. प्लग चुंबकासकट बसल्यावरही 5-6 मिमी मोकळी जागा राहायला हवी, नाहीतर जागा बदला. बुशची कडही आत वर आलेली नको, नाहीतर तिच्याभोवती बांध तयार होऊन गाळ तिथेच थांबतो.

भोक मारताना गियर आत असतील तर ड्रिलच्या टोकाला ग्रीस लावून चुरा धरता येतो म्हणतात. थोडा धरलाही जातो. पण उरलेला एखादा कण बेअरिंगमध्ये गेला की सगळी मेहनत वाया. 9 इंचीत दोन्ही शाफ्ट बाहेर ओढून गाळा काढा, मगच ड्रिल लावा.

वेल्डिंगमध्ये काय बिघडतं

अर्थिंगचा क्लॅम्प चाकाला किंवा ड्रमला लावला की करंट बेअरिंगमधून जातो, बेअरिंगच्या रेसवर (कड्यांवर) बारीक खड्डे पडतात आणि काही दिवसांनी एक्सल घुरघुरायला लागतो. क्लॅम्प वेल्डपासून वीतभर अंतरावर, घासून चकचकीत केलेल्या जागी लावा. बॅटरीची तार काढा. एक्सलवर गाडीतच काम करत असाल तर इंधनाची टाकी जवळच असते हे विसरू नका.

तेलकट जागा साफ करायला क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनर अजिबात नको. आर्कच्या उष्णतेने आणि प्रकाशाने त्यातून फॉस्जीन हा जीवघेणा वायू तयार होतो. साबणाचं गरम पाणी किंवा अॅसिटोन वापरा आणि जागा पूर्ण कोरडी झाल्यावरच वेल्डिंगला हात घाला.

कव्हर मोकळं टेबलावर ठेवून वेल्ड केलं तर त्याची कड वाकडी होते आणि मग कुठलीही गॅस्केट तेल थांबवत नाही. जाड प्लेटवर क्लॅम्प करून पाव-पाव टप्प्यात, समोरासमोरच्या बाजूंनी वेल्ड करा. प्रत्येक टप्प्यानंतर हात लावता येईल इतकं थंड होऊ द्या. बुशमध्ये एक जुना प्लग सैल बसवून ठेवला की आटे आकसत नाहीत. थंड झाल्यावर आट्यांतून टॅप हलका फिरवा, पण आधीच्या खोलीपलीकडे नेऊ नका. एनपीटीचे आटे निमुळते असतात. टॅप जास्त आत गेला की प्लग कधीच घट्ट बसत नाही. हाताने साधारण चार आट्यांवर प्लग अडायला हवा, तिथून पान्याने दीड-दोन फेरे पुरतात.

गळती होतेय?

तेल भरण्याआधीच तपासून घ्या. वेल्डवर बाहेरून खडूची पूड पाण्यात कालवून लावा आणि वाळू द्या. मग कव्हर उताणं ठेवून आत थोडं रॉकेल ओता. पंधरा-वीस मिनिटांत जिथे ओला डाग उमटेल तिथे सुईएवढं भोक आहे. ती जागा घासून पुन्हा वेल्ड करा. वर सीलंट थापू नका, गरम तेलात ते टिकत नाही.

गाडी चालल्यावर प्लगभोवती तेल दिसलं तर आधी सगळं पुसून काढा. पिनियन सीलचं तेल वाऱ्याने मागे वाहून प्लगपाशी लोंबतं आणि आळ प्लगवर येतो. ब्रीदर (एक्सलमधली हवा बाहेर सोडणारं तोंड) बंद असेल तरी आतल्या दाबाने तेल सीलमधून बाहेर पडतं. टेफ्लॉन टेप गुंडाळताना पुढचे दोन आटे मोकळे सोडा, म्हणजे तिचे धागे तेलात जात नाहीत.

तेल सोडण्याआधी फिलर प्लग उघडतो का ते पाहा. तेल सोडून बसलात आणि फिलर गंजून जाम निघाला, तर गाडी जागेवरच राहते. तेल हायपॉइड गियरसाठीचं जीएल-5, बहुतेक ठिकाणी 80डब्ल्यू-90, फिलरच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत भरा. क्लचवालं लिमिटेड स्लिप (एकच चाक मोकळं फिरू न देणारं डिफरन्शियल) असेल तर तेलात फ्रिक्शन मॉडिफायर घाला, नाहीतर वळणावर मागून कटकट आवाज येत राहतो.

पुढच्या वेळी प्लग काढाल तेव्हा चुंबकावर करडी, मऊ पेस्ट दिसेल. ती नेहमीची झीज आहे. बोटात टोचणारा तुकडा किंवा पातळ चकती सापडली तर कव्हर किंवा गाळा उघडावाच लागेल. तेल दुधाळ निघालं तर पाणी शिरलंय. नवं तेल घालून थोडी गाडी चालवा आणि तेही काढून टाका, शिवाय ब्रीदरची नळी वर, चेसिसपर्यंत न्या.