परदेशात ऑपरेशन करून घेताय? या चुका टाळा

परदेशातल्या खासगी हॉस्पिटलात जायचं ठरलं की सगळा शोध सर्जनभोवती फिरतो. सर्जन बघायलाच हवा, पण परत आल्यावर टाके कोण बघणार हे त्याच्याही आधी ठरवा. ऑपरेशन तिकडे काही तासांत उरकतं. ताप, पू, सूज हे सगळं बऱ्याचदा घरी आल्यावर डोकं वर काढतं. तेव्हा गाठाल तो डॉक्टर दुसऱ्याचं काम निस्तरत असतो. काही जण सरळ नाही म्हणतात, आणि खरं सांगायचं तर त्यांनाही फार दोष देता येत नाही. म्हणून निघण्याआधीच आपल्या डॉक्टरांना फाइल दाखवा आणि ‘परतल्यावर बघाल ना?’ असं स्पष्ट विचारा.

परतीचं तिकीट घाईने काढणं ही दुसरी मोठी चूक. छाती किंवा पोटाच्या ऑपरेशननंतर किमान १० दिवस विमानप्रवास टाळा, असा अमेरिकेच्या सीडीसीचा (तिथल्या सरकारी रोग नियंत्रण संस्थेचा) सल्ला आहे. चेहरा, पापण्या, नाक यांच्या कॉस्मेटिक सर्जरीनंतर ७ ते १० दिवस. विमानात हवेचा दाब साधारण ६ ते ८ हजार फुटांच्या डोंगरावर असतो तेवढाच असतो, त्यामुळे शरीरात अडकलेली हवा फुगते. रेटिनाच्या, म्हणजे डोळ्यामागच्या पडद्याच्या ऑपरेशनमध्ये डोळ्यात गॅसचा बुडबुडा सोडला असेल, तर तो विरघळेपर्यंत विमानात पाऊलही ठेवायचं नाही. डोळ्यातला दाब वाढून दृष्टी जाऊ शकते. त्यात तासन्‌तास एका जागी बसून पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका वेगळाच. तारीख बदलता येईल असं तिकीट थोडं महाग पडतं. पडू द्या.

पॅकेजचा आकडा म्हणजे पूर्ण खर्च नव्हे. आयसीयूचे जादा दिवस, रक्त, बायॉप्सीची तपासणी, पुन्हा ऑपरेशन करावं लागलं तर त्याचे पैसे, सोबतच्या माणसाचा वाढीव मुक्काम, हे त्यात आहे का ते लेखी घ्या. साधा ट्रॅव्हल इन्शुरन्स ठरवून केलेल्या उपचारांचा खर्च सहसा देत नाही. त्यातून उद्भवलेल्या गुंतागुंतीचाही नाही.

जेसीआयची, म्हणजे हॉस्पिटलांचा दर्जा तपासणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेची मान्यता आहे म्हटलं की लोक निर्धास्त होतात. ती मान्यता हॉस्पिटलला असते, तुमच्या सर्जनला नाही. शिवाय दर ३ वर्षांनी नव्याने मिळवावी लागते. सर्जनची नोंदणी त्या देशाच्या मेडिकल कौन्सिलकडे वेगळी तपासा. आणि भूल कोण देणार, हेही विचारा. २०२३ मध्ये मेक्सिकोतल्या मातामोरोस शहरात कॉस्मेटिक सर्जरीसाठी गेलेल्या अमेरिकी रुग्णांना पाठीत दिलेल्या एपिड्युरल भुलेनंतर बुरशीजन्य मेनिन्जायटिस (मेंदू आणि मज्जारज्जूच्या आवरणाचा दाह) झाला, काही जण दगावले. भूल ही किरकोळ बाब नसते ती अशी.

कागदांच्या बाबतीत तर हमखास गफलत होते. हातात एक पानी डिस्चार्ज कार्ड पडतं आणि माणूस खुशीत टॅक्सीत बसतो. दातांच्या इम्प्लांटचंच बघा. वर्षभराने कॅपखालचा स्क्रू सैल होतो, डेंटिस्ट विचारतात, ‘कुठल्या कंपनीचा? साइज काय?’ आपल्याला आठवतो फक्त क्लिनिकचा सोफा. बऱ्याच कंपन्यांचा स्क्रूड्रायव्हर वेगळा असतो, त्यामुळे मिनिटाभराचं काम आठवडाभर लटकतं. सांधा, स्टेंट, ब्रेस्ट इम्प्लांट, काहीही बसवलं तरी त्याच्या डब्यावर मॉडेल आणि लॉट नंबरचं स्टिकर असतं. ते मागून घ्या, मोबाइलवर फोटोही काढून ठेवा. पुढे एमआरआय करायची वेळ आली की पहिल्यांदा हेच विचारतात. सोबत ऑपरेशनची सविस्तर नोंद, भुलेची नोंद आणि स्कॅनच्या मूळ डायकॉम फाइल्स (स्कॅनच्या चित्रांच्या डिजिटल फाइल्स) हव्यात. नुसत्या प्रिंटवर भागत नाही. बायॉप्सीचा रिपोर्ट बहुधा तुम्ही निघून गेल्यावर येतो, तो कोणाकडे पाठवणार तेही लिहून द्या.

एवढं करूनही काही बिघडलंच तर? एकाच पायाची पोटरी सुजून दुखायला लागली किंवा धाप लागली, तर तिकडच्या कोऑर्डिनेटरच्या मेसेजची वाट न बघता थेट इमर्जन्सीत जा. पाठीतून भूल घेतल्यानंतर डोकेदुखी, ताप, मान आखडणं असेल तरीही तेच. मग ऑपरेशनला काही आठवडे का होईना उलटलेले असोत. जखम भरत नसेल, नेहमीच्या अँटिबायोटिकनेही पू थांबत नसेल, तर ऑपरेशन कुठल्या देशात झालं ते लपवू नका. क्षयाच्या जंतूंच्या गोतावळ्यातले काही मायकोबॅक्टेरिया अशा जखमांत सापडले आहेत. ते नेहमीच्या कल्चरमध्ये, म्हणजे लॅबमध्ये जंतू वाढवून बघायच्या तपासणीत, सुटून जाऊ शकतात, लॅबला मुद्दाम सांगून शोधावे लागतात.