औषधांच्या चयापचयाचा रसायनशास्त्रज्ञ व्हायचे असेल तर

पोटात गेलेल्या औषधाचे पुढे काय होते, या प्रश्नाभोवती ज्यांना आपले काम उभारायचे आहे, त्यांनी सुरुवात सेंद्रिय रसायनशास्त्रापासून करावी, असे माझे ठाम मत आहे. विकर, म्हणजे एन्झाइम, अखेर रासायनिक अभिक्रियाच घडवते. रेणूच्या कोणत्या कार्बनवर ऑक्सिजन बसेल आणि कोणता मिथाइल गट गळून पडेल, हे ज्याला कागदावर मांडता येते, त्यालाच रेणूंचे वस्तुमान मोजणाऱ्या मास स्पेक्ट्रोमीटरचे आकडे वाचता येतात. मूळ रेणूपेक्षा 16ने जड पदार्थ दिसला तर बहुधा एक ऑक्सिजन जोडला गेला आहे, 14ने हलका दिसला तर मिथाइल गट गेला आहे, आणि 176ने जड दिसला तर ग्लुकुरोनिक आम्ल जोडले गेले आहे, एवढे तरी तोंडपाठ हवे.

त्यानंतर औषधांचे रूपांतर करणाऱ्या सायटोक्रोम पी450 या विकरकुलाचा सखोल अभ्यास करावा. क्षपण झालेल्या अवस्थेत कार्बन मोनॉक्साइडशी जोडले गेल्यावर ही प्रथिने 450 नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश शोषतात, म्हणून ओमुरा आणि सातो यांनी 1962 मध्ये हे नाव दिले. मानवात त्यांची 57 जनुके आहेत. टर्फेनाडिन या ॲलर्जीवरील औषधाबरोबर किटोकोनाझोल हे बुरशीविरोधी औषध घेतल्यास टर्फेनाडिनचे रूपांतर करणारे सीवायपी3ए4 हे पी450 विकर अडवले जाई, मूळ औषध रक्तात साचे आणि हृदयाचे ठोके धोकादायकरीत्या बिघडत. त्याच टर्फेनाडिनचा शरीरात तयार होणारा फेक्सोफेनाडिन हा पदार्थ पुढे स्वतंत्र औषध झाला. या क्षेत्राचे महत्त्व समजण्यासाठी याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

खरे कौशल्य मात्र प्रयोगाच्या टेबलावरच येते. उणे 80 अंशांवर ठेवलेले यकृताचे मायक्रोसोम (यकृतपेशींतील पटलांचे पी450 असलेले सूक्ष्म तुकडे) बर्फावर वितळवावेत, सामू 7.4 असलेल्या फॉस्फेट बफरमध्ये औषधासह 37 अंशांवर ठेवावेत आणि पी450ला काम करण्यासाठी लागणारे एनएडीपीएच हे सहविकर टाकताच घड्याळ सुरू करावे. ठरलेल्या वेळी नमुना काढून थंड ॲसिटोनायट्राइलमध्ये मिसळला की अभिक्रिया थांबते आणि प्रथिनांचा पांढरा साका दिसू लागतो. सेंट्रिफ्यूजनंतर वरचा निवळ द्रव विश्लेषणाला घ्यावा. एनएडीपीएच न घातलेली नळी प्रत्येक वेळी सोबत ठेवावी, कारण तिच्यातही औषध कमी होत असेल, तर तेवढी घट पी450मुळे झालेली नसते. औषध प्लास्टिकला चिकटलेले असू शकते किंवा आपोआप विघटित झालेले असू शकते. व्हीमॅक्स (विकराचा कमाल वेग) आणि केएम (त्याच्या निम्मा वेग मिळतो ती औषधाची संहती) काढताना तयार होणारा पदार्थ वेळेनुसार सरळ रेषेत वाढत असलेल्या सुरुवातीच्याच काळातील मोजमापे घ्यावीत. औषध निम्मे संपल्यावर मोजलेला वेग हा आरंभीचा वेग नव्हे.

औषध कंपनीत जायचे असल्यास औषधांच्या आंतरक्रियांविषयीचे आयसीएच या औषधनियमनाच्या आंतरराष्ट्रीय परिषदेचे एम12 हे 2024 मध्ये स्वीकारलेले मार्गदर्शक तत्त्व अवश्य वाचावे. स्वतंत्र संशोधनासाठी पीएचडी बहुधा लागतेच, पण तिला उशीर झाला म्हणून खचू नये: अमेरिकी जैवरसायनशास्त्रज्ञ ज्युलियस ॲक्सेलरॉड यांनी बर्नार्ड ब्रोडी यांच्यासह पॅरासिटामॉल हा ॲसिटॅनिलाइड या जुन्या औषधाचा वेदनाशामक चयापचयज (शरीरात त्यापासून तयार होणारा पदार्थ) असल्याचे 1948 मध्ये दाखवले, आणि पीएचडी 1955 मध्ये मिळवली. प्रयोगशाळा निवडताना तेथील विद्यार्थी मास स्पेक्ट्रोमीटर स्वतः चालवतात का, हे प्रत्यक्ष जाऊन विचारावे. नमुने दुसरीकडे पाठवून केवळ तयार आकडे परत येत असतील, तर शक्य असल्यास दुसरी जागा शोधावी.