छोट्या खोलीसाठी होम थिएटर घेताना

खोक्यावरच्या वॅटच्या आकड्याला भुलू नका. पीएमपीओ, म्हणजे क्षणभरापुरत्या कमाल ताकदीचा आकडा, जाहिरातीपुरता असतो. आरएमएस, म्हणजे सतत देता येणारी ताकद, किती आहे ते विचारा.

५.१ म्हणजे पाच स्पीकर आणि एक सबवूफर, म्हणजे खालचे, घुमणारे स्वर वाजवणारा मोठा स्पीकर. यातला मधला, म्हणजे सेंटर स्पीकर सर्वांत महत्त्वाचा, कारण चित्रपटातले बहुतेक संवाद त्यातूनच येतात. म्हणून दुकानात ऐकताना स्फोटांचे, पाठलागाचे प्रसंग लावू नका. दोन माणसं हळू आवाजात बोलतायत असा प्रसंग लावा आणि आवाज कमी ठेवा. शब्द नीट कळत नसतील तर तो संच सोडून द्या, बाकी कितीही देखणा असला तरी.

कॉम्पॅक्ट संचात स्पीकर अगदी मुठीएवढे असतील, तर त्यांना खालचे स्वर पेलत नाहीत. मग १५० हर्ट्झपर्यंतचा (हर्ट्झचा आकडा जितका कमी, तितका स्वर खालचा), कधी त्याहूनही वरचा आवाज सबवूफरवर येतो आणि तो कोपऱ्यातून येतोय हे कानाला जाणवतं. ८० हर्ट्झच्या आसपास स्पीकर आणि सबवूफर यांच्यात आवाजाची विभागणी होत असेल तर तसं होत नाही. तेव्हा स्पीकर थोडे मोठे चालतील, फारच चिमुकले नकोत.

मागच्या भिंतीला टेकूनच सोफा असेल तर सराउंड, म्हणजे एरवी मागे लावायचे दोन स्पीकर दोन्ही बाजूंना, कानाच्या जरा वर लावा. ‘वायरलेस’ मागच्या स्पीकरलाही विजेचा प्लग बहुधा लागतोच, हे आधीच बघून ठेवा. टीव्हीला ईआर्क, म्हणजे टीव्हीचा आवाज एचडीएमआय केबलने संचापर्यंत नेण्याची सोय असेल, तर संचातही ते असलेलं बरं.