फिजिओथेरपीत नव्याने येताय?

या क्षेत्रात येणाऱ्या बहुतेकांच्या डोक्यात मसाज आणि मशीन एवढंच असतं. रुग्णांच्याही. वॉर्डात उभं राहिलं की कळतं, आपलं निम्मं काम नीट तपासण्याचं आणि उरलेलं रुग्णाकडून हालचाल करून घेण्याचं. मशीन जोडीला.

गुडघा बदललेला रुग्ण घ्या. त्याला बहुधा त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी वॉकर देऊन उभं करतात. त्याआधी केसपेपर वाचा, बीपी बघा, पोटरीला हात लावून बघा. एकाच पोटरीला सूज आणि कळ असेल तर शिरेत गुठळीची शंका घ्यायची, चालवणं थांबवून डॉक्टरांना कळवायचं. मग पाय सरळ उचलायला सांगा. उचलताना गुडघा पूर्ण सरळ राहत नसेल, तर मांडीचा स्नायू अजून साथ देत नाहीये. जिन्याचं आज नाव काढू नका. गुडघा किती वाकतो ते गोनिओमीटरने (सांध्याचा कोन मोजायचं साधन) मोजून अंशांत लिहा. 'ठीक आहे' अशा नोंदीचा पुढच्या शिफ्टला काडीचा उपयोग नाही.

एका मावशींनी कॉटची कड सोडलीच नाही. "टाके उसवतील रे!" गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवली आणि ती खाली दाबायला लावली. पाच-सहा वेळा केल्यावर त्याच म्हणाल्या, "चल, बघू उठून." भीती काढणं पुस्तकात नसतं, पण रोज करावं लागतं.

पक्षाघाताच्या रुग्णाला लुळ्या हाताला धरून ओढू नका, खांदा निखळतो. नातेवाईक मायेपोटी नेमकं तेच करतात, म्हणून त्यांनाही शिकवा. आयसीयूत छातीतला कफ काढणं, रुग्णाला पलंगाच्या कडेला बसवणं हेही आपलंच काम.

जिना चढताना बरा पाय आधी, उतरताना दुखरा. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात (मालिकांमध्ये हमखास चुकतं).

कंबरदुखीबरोबर लघवीवरचा ताबा गेला किंवा जांघेत बधिरपणा आला, तर व्यायाम नाही, थेट इमर्जन्सी.

घरी करायला दहा व्यायाम लिहून देऊ नका, दोन-तीनच द्या. पुढच्या वेळी "केलेत का?" विचारू नका, "करून दाखवा" म्हणा.